सिबिल ६१२ : ॲपनं किंवा एआयनं खरंच वाढतं का? अनुभव सांगा

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज अडलंय म्हणून लिहितोय. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे आठ लूम आहेत, टॉवेल काढतो. जुने चार मोडीत काढून दोन रॅपियर (नव्या पद्धतीचे माग) बसवावेत म्हणून कर्जासाठी बँकेत गेलो. साहेब आधी फार छान बोलले, चहा सांगितला, मग पॅन टाकून स्क्रीनवर बघितलं आणि एकदम गप्प. चहा काय शेवटपर्यंत आला नाही. सिबिल स्कोअर, म्हणजे आपल्या कर्जफेडीचे गुण, ६१२ म्हणे.

मागचं सांगतो. लॉकडाऊनमध्ये माल गोडाऊनला पडून होता तेव्हा लाइट बिल, घरखर्च सगळं क्रेडिट कार्डावर ओढलं. ६८ हजार थकले. २०२२ ला वसुलीवाल्यानं ३० हजारात मिटवून दिलं, पत्र दिलं, मी पण सुटलो म्हणून पेढे वाटले. दुसरं म्हणजे २०१९ ला हप्त्यावर घेतलेला मोबाईल, तो पूर्ण फेडलाय, तरी रिपोर्टात ११८० रुपये थकीत दाखवतंय. मोबाईल मोडून पण तीन वर्षं झाली.

आता भाचा म्हणतोय मामा एक ॲप आहे, ४९९९ भरायचे, त्यांचं एआय सगळा रिपोर्ट वाचून आपोआप दुरुस्त करतं, तीन महिन्यांत ७५० गॅरंटी. असं सॉफ्टवेअर खरंच असतं का? कुणी वापरलंय का? भाच्याचा आग्रह लई आहे.

कडक_भाकरी
४९९९ मला द्या मालक, तीन महिने रोज ज्वारीची भाकरी आन शेंगा चटणी घरपोच देतो. स्कोअर वाढणार नाही पण तब्येत तरी सुधारेल.

हुतात्मातला_खिडकीवाला
"गॅरंटी" शब्द आला तिथंच थांबा. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो ब्युरो (कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी, सिबिल त्यातलीच) काढतं, बँका जी माहिती पाठवतात त्यावरून. बाहेरच्या कुठल्याच ॲपला त्या माहितीत हात घालता येत नाही, ते फक्त बघू शकतं. तुमच्या चुकीच्या नोंदीची तक्रार तुम्ही स्वतः ब्युरोच्या साइटवर फुकट टाकू शकता, हे ॲपवाले तेच तुमच्या नावानं करणार आणि पाच हजार घेणार. वर तुमचा पॅन, जन्मतारीख, ओटीपी सगळं त्यांच्याकडे.

सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे असं म्हणत नाहीये हां. मी पुण्यात त्यातलंच काम करतो. पण त्याचं काम वाचणं, मांडणं आणि आठवण करणं. फेडायचं काम आपलंच.

बे_एकदम
का बे सगळे लगेच नाय म्हणालेत? मी केलंय एआयनं. पैसे न भरता, साधा चॅटबॉट. रिपोर्टची पीडीएफ टाकली, म्हणलं मराठीत समजावून सांग. पाच मिनटात सांगितलं कुठली खाती चालू, कुठली बंद, कुठं उशीर झालाय. ३१ पानी रिपोर्ट मी जन्मात वाचला नसता.

सावलीतली_बाभळ
@बे_एकदम, पॅन नंबर, पत्ता, खाते क्रमांक सगळ्यासकट टाकलंस?

बे_एकदम
नाय ताई, तेवढी अक्कल हाय. पॅनवर काळी पट्टी ओढली होती.

हुतात्मातला_खिडकीवाला
पट्टी कशात ओढलीस? पीडीएफ एडिटरमध्ये नुसता काळा चौकोन ठेवला असशील तर खालची अक्षरं तशीच राहतात. फाइल उघड, त्या पट्टीवरून माउस ओढ, कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर बघू.

बे_एकदम
...
आयला. आला की पॅन. पत्ता पण आला.

कडक_भाकरी
पट्टी नव्हं ती, पारदर्शक पडदा 😂

हुतात्मातला_खिडकीवाला
ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी : पट्टी ओढल्यावर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो चित्र म्हणून टाका. नाहीतर सरळ प्रिंट काढून मार्कर फिरवा आणि फोटो घ्या, मात्र उजेडात धरून बघा, पातळ मार्करमधून नंबर वाचता येतो. आणि मुळात स्टेटस, तारखा आणि रकमा एवढंच पुरतं त्याला, बाकी कशाला द्यायचं.

लोनडेस्क_निवृत्त
टॉवेलवाला, मी एका बँकेत कर्ज विभागात होतो, शेवटची बरीच वर्षं सोलापुरातच काढली. जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका. मोबाईलचे ११८० ही बहुतेक चूक किंवा राहून गेलेला चार्ज. हप्ता बाउन्स झाला की ५०० अधिक जीएसटी म्हणजे ५९० लागतात बऱ्याच ठिकाणी, दोनदा झाला की ११८०. हप्ते सगळे गेले पण हे दोन चार्ज तसेच लटकले असतील, म्हणून खातं बंदच झालं नसेल. आधी त्या फायनान्स कंपनीकडून खातेउतारा मागा. ते खरंच लागू असतील तर भरून ना हरकत दाखला घ्या. लागू नसतील तर तक्रार.

कार्डाचं मात्र चूक नाही. ६८ चे ३० भरलेत, म्हणजे ३८ हजार बँकेनं सोडलेत. तिथं "सेटल्ड" लिहिणं बरोबरच आहे. तुम्हाला मिटलं वाटलं, रिपोर्टाच्या भाषेत ते "पूर्ण फेडलं नाही" असं होतं. वसुलीवाला हे कधी सांगत नाही, कारण त्याचं काम तिथं संपतं.

आणि एक. शाखेत बसलेला माणूस नुसता ६१२ बघत नाही. मी तरी आधी खात्यांच्या स्टेटसवर बोट फिरवायचो. ६८० स्कोअर आणि सगळं स्वच्छ, अशा माणसाची फाइल मी पुढं पाठवायचो, ७२० असून "रिटन ऑफ" (बँकेनं बुडीत धरलेलं) दिसलं की हात आखडायचा. म्हणून स्कोअर वाढवायच्या मागं न लागता तुमचे "थकीत" आणि "सेटल्ड" हे दोन शब्द बदलायच्या मागं लागा.

साखरपेठ_३
निवृत्त काका, थोडा असहमत. ३८ हजार आता कशाला घालायचे? सात वर्षं झाली की रिपोर्टातून आपोआप पुसतं सगळं. त्यापेक्षा तेवढ्या पैशांची एफडी ठेवा, त्यावर कार्ड मिळतं, स्कोअर न बघता. वर्षभर दर महिन्याला थोडं वापरा आणि पूर्ण भरा. माझा असाच चढला.

लोनडेस्क_निवृत्त
एफडीवरच्या कार्डाचं बरोबर आहे, मी पण तेच सुचवतो. पण सात वर्षांचं लोकांनी उलटं धरलंय. नियम असा की ब्युरोनं माहिती कमीत कमी सात वर्षं जपून ठेवायची. सातव्या वर्षी पुसायचीच असं तो म्हणत नाही. आणि यांना रॅपियर आत्ता घ्यायचेत.

साखरपेठ_३
बरं, हे माहीत नव्हतं. पण ३८ भरून पण जुने उशिराचे महिने राहणारच ना?

लोनडेस्क_निवृत्त
राहणार. स्टेटस बदलेल, मागचे महिने नाही. तुमचा मुद्दा चुकीचा नाही, पैसे कमी असतील तर माणूस विचार करणारच.

सावलीतली_बाभळ
आता माझी कर्मकहाणी. मी शिक्षिका, आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही. २०२३ ला जुळे सोलापूरला फ्लॅट बघितला, बँकेत गेलो तर माझ्या रिपोर्टात टेम्पोचं कर्ज! दिराच्या कर्जाला जामीन राहिले होते, सही करून विसरून पण गेले होते. दिरांनी पाच हप्ते थकवले ते सगळे माझ्या कुंडलीत. घरात दोन महिने अबोला. जाऊ दे.

त्या रागात मी एक शीट केली, गुगल शीटमध्ये, मुलांच्या निकालपत्रकासारखी. प्रत्येक खातं एका ओळीत : कुणाचं कर्ज, खात्याचे शेवटचे चार आकडे, माझं की जामीन की संयुक्त, उघडल्याची तारीख, स्टेटस, बाकी, थकीत, आणि शेवटचा रकाना "माझ्याकडं पुरावा काय". तो शेवटचा रकानाच खरा. जिथं तो रिकामा, तिथं शनिवारी हेलपाटा.

मग महिन्यांच्या चौकटी. ०००  म्हणजे वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. त्याला रंगाचा नियम लावला की शून्यापेक्षा जास्त आलं की चौकट लाल. आणि एक्सएक्सएक्स दिसलं की घाबरू नका, त्या महिन्याची माहिती त्यांनी पाठवलीच नाही एवढाच अर्थ. मी तीन रात्री झोपले नव्हते त्या एक्सएक्सएक्सनं.

कडक_भाकरी
एक्सएक्सएक्स बघून झोप न येणारे बाकीचे लोक वेगळ्या कारणानं जागे असतात ताई.

सावलीतली_बाभळ
@कडक_भाकरी, अंगठे धरून बाकावर उभा राहा.

विडी_घरकुल
ताईंची शीट भारी आहे. आमची वेगळीच गंमत. आई विड्या वळते, गटातून कर्ज घेते, कधी आठवडा चुकवला नाही. पण तिच्या नावावर अजून एका गटाचं कर्ज दिसत होतं, थकीत. आमच्या गल्लीत त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या तीन बायका, नवऱ्याचं नाव पण दोघींचं एकच! फॉर्म भरताना गटाच्या पोरानं भलताच नंबर टाकला असणार. आणि हे एका ब्युरोत दिसत नव्हतं, दुसऱ्यात दिसलं. ब्युरो चार आहेत हेच आम्हाला माहीत नव्हतं : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. गटाची कर्जं क्रिफकडं जास्त सापडतात. चारही ठिकाणी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, म्हणून मी दर तीन महिन्यांला एकेक काढते, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं.

हुतात्मातला_खिडकीवाला
+१. ही चाराची युक्ती मस्त आहे. आणि आपला स्कोअर आपण बघितला म्हणून कमी होत नाही, हा गैरसमज अजून आहे लोकांत. कमी होतो तो कर्जाला अर्ज केल्यावर बँकेनं चौकशी केली की. फुकट स्कोअर दाखवणाऱ्या ॲपमध्ये खाली हिरवं बटण असतं ना, "तुमच्यासाठी ३ लाख मंजूर", त्यांचा धंदा तो आहे. ते दाबलं की चौकशी पडते.

बे_एकदम
माझा दुसरा किस्सा ऐका मग. चॅटबॉटला म्हणलं बँकेला इंग्रजीत कडक पत्र लिही. काय लिहिलंय! खाली रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक, नंबर, तारीख, कलम, सगळं. मी फुल कॉन्फिडन्समध्ये शाखेत नेऊन दिलं. मॅडमनी शांतपणे वाचलं आन म्हणल्या हे परिपत्रक जरा दाखवता का, आम्हाला पण हवंय. घरी येऊन शोधलं, असं परिपत्रकच नाय! यानं मनानंच रचलेलं. वरनं माझे महिने पण उलटे वाचले होते. रिपोर्टात ताजा महिना आधी छापलेला असतो, यानं जुना आधी धरला, म्हणून २०२१ चा उशीर त्यानं मागच्या वर्षात टाकला. लई लाज गेली.

लोनडेस्क_निवृत्त
म्हणून पत्र साधं लिहावं. खातं अमुक, रिपोर्टात अमुक लिहिलंय, खरं अमुक आहे, पुरावा सोबत. चार ओळी. कलमं बँकेला माहीत असतात.

उपयोगी नियम मी सांगतो, हे खरे आहेत. तक्रार दाखल केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते, रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ ला हे काढलं. म्हणून तक्रार ऑनलाइनच टाका, नंबर आणि तारीख जपून ठेवा. काउंटरवर तोंडी सांगितलेल्याला तारीख नसते. ब्युरो स्वतः काही बदलत नाही, ते बँकेला विचारतं आणि बँक हो म्हणाली तर बदलतं, त्यामुळं दोन्हीकडं एकाच दिवशी टाका. तरी नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, ब्युरो पण २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत.

नान्नजचा_माळढोक
अवांतर होतंय पण विचारतो. दरवर्षी सरकार बँकांना बैठकीत सांगतं पीककर्जाला सिबिल बघू नका. आमच्या शाखेत गेलं की पहिला प्रश्न सिबिलचाच. द्राक्षाला अवकाळीनं धुतलं तर त्याचा पण डीपीडी (किती दिवस उशीर ते) लावा म्हणावं आभाळाला.

कडक_भाकरी
आभाळाचा स्कोअर बघितला तर बिघडलेलाच निघेल, सोलापूरला हप्ता कधी वेळेवर दिलाय त्यानं?

साखरपेठ_३
आता तर लग्नात पण बघतात. २०२५ ला बातमी आली होती ना विदर्भातली, मुलाचं सिबिल बघून मुलीकडच्यांनी नाही म्हणून सांगितलं.

कडक_भाकरी
गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसायला मागतील तेव्हा बोला.

सावलीतली_बाभळ
धागा भरकटला. टॉवेलवाला दादा, अजून एक सांगते, मग थांबते. आमच्या यांचं. खात्यात हप्त्याएवढे पैसे मोजून ठेवायची सवय. एका महिन्यात बँकेनं आदल्या रात्री एसएमएसचे १७ रुपये ७० पैसे कापले आणि सकाळी हप्ता आला, बाउन्स! १७ रुपयांपायी ५९० इकडं, तिकडं वेगळे, आणि रिपोर्टात डाग. आता फोनच्या कॅलेंडरमध्ये दर दोन तारखेला आठवण लावलीय, "हप्ता + ५००". एवढंच आमचं सॉफ्टवेअर.

हुतात्मातला_खिडकीवाला
कार्ड वापरणाऱ्यांनी दुसरी आठवण लावा, बिल बनायच्या तीन दिवस आधीची. माझी लिमिट ६० हजार, दर महिन्याला ४८ वापरायचो आणि देय तारखेला पूर्ण भरायचो, तरी स्कोअर लंगडायचा. कारण ब्युरोला जायचा तो बिलाच्या दिवसाचा आकडा, म्हणजे ८० टक्के वापर. आता बिलाच्या आधीच ३५ भरून टाकतो. खर्च तेवढाच, फक्त दिवस बदलला. ३० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात, साधारण ठीक आहे तो आकडा. आणि जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळं बदल लवकर दिसतो.

लोनडेस्क_निवृत्त
टॉवेलवाला, एक राहिलं. तुमचा धंदा आहे, म्हणजे फर्मच्या नावाचा वेगळा रिपोर्ट असू शकतो. त्याला १ ते १० अशी रँक असते आणि तिथं उलटं, १ सगळ्यात चांगला. फुकट ॲप ते दाखवत नाही. मशीनच्या कर्जाला बँक दोन्ही बघणार.

टॉवेलवाला
सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. ४९९९ भरत नाही. बाभळ ताईंची शीट मागतो, काका सांगतात तसं दोन्ही वेगळं करतो. आता तीन दिवस लाइटचं भारनियमन नाही म्हणजे माग चालणार, वेळ मिळेल तसा कळवतो.

*(सात आठवड्यांनी)*

टॉवेलवाला
धागा वर काढतोय. मोबाईलचं झालं! खातेउतारा मागायला तीन फोन आणि दोन ईमेल. काकांचा अंदाज तंतोतंत, ५९० चे दोन. त्यातला एक बाउन्स त्यांच्याच बाजूचा निघाला, माझ्या पासबुकात त्या दिवशी पैसे होते, पासबुकाच्या त्या पानाचा फोटो जोडला. एक भरला, एक त्यांनी माफ केला, दाखला आला. ब्युरोला तक्रार टाकली तेव्हा रिपोर्टावरचा कंट्रोल नंबर लागतो, तो शोधण्यातच एक संध्याकाळ गेली, पहिल्याच पानावर होता. २६ व्या दिवशी "क्लोज्ड" दिसलं. शंभर रुपये रोजचे हुकले, चारच दिवसांनी.

स्कोअर ६३९.

कार्डाचं अजून लटकलंय. बँकेला लेखी विचारलं सोडलेली रक्कम भरतो, किती आणि कुठल्या खात्यात. पत्र आलं, ३८ हजारच. वसुलीवाल्याचा परत फोन आला, रोख द्या लगेच करून देतो म्हणाला. नको म्हणालो, बँकेच्या खात्यातच भरीन. दिवाळीच्या मालाचे पैसे आले की भरणार. साखरपेठ भाऊंचं ऐकून एफडीचं कार्ड पण घेतलंय, १५ हजारांचं, त्यावर फक्त गॅस आणि मोबाईल रिचार्ज.

साहेबांकडं परत गेलो होतो. फाइल ठेवून घेतली, हो नाही काही बोलले नाहीत. चहा मात्र आला.

लोनडेस्क_निवृत्त
फाइल ठेवून घेतली म्हणजे "नाही" तरी म्हणाले नाहीत. ३८ भरल्यावर पंधरा दिवस थांबा, नवीन रिपोर्ट काढूनच जा. मध्ये दुसऱ्या बँकांत अर्ज टाकत फिरू नका.

बे_एकदम
आन भाचा काय म्हणतोय मालक?

टॉवेलवाला
त्याचा रिपोर्ट काढायला लावला मी. ५८८. मागच्या सहा महिन्यांत अकरा चौकश्या, सगळी हिरवी बटणं दाबलेली. त्या ॲपचं रेफरल पण होतं म्हणे, मी भरले असते तर त्याला ५०० मिळणार होते. आता बसलाय शीट भरत.

कडक_भाकरी
भाच्याला इकडं आणा, नवीन धागा काढू.

विडी_घरकुल
बाभळ ताई, ती शीट मराठीत आहे का? आईच्या गटातल्या बायकांना दाखवायची होती, बऱ्याच जणींना आकडे वाचता येतात पण इंग्रजी नाही. काहींना मराठीपेक्षा तेलुगू बरं पडतं.

सावलीतली_बाभळ
मराठीत आहे. तेलुगू रकाने तूच भर, मी जागा मोकळी ठेवते. रविवारी दुपारी ये घरी, एकदा दोघी मिळून बघू, प्रिंट मोठ्या अक्षरात काढावी लागेल.